पांथरीतलं पाणी

समजा, बारावीतली एक मुलगी आहे. दोन-तीन महिन्यांपासून तिला जेवण जात नाही. भूक लागते, ती ताटावर बसते, पण दुसरी पोळी घ्यायच्या आत पोट गच्च होतं. घरचे आधी सगळं परीक्षेच्या टेन्शनवर ढकलतात, मग पित्तावर. पित्ताच्या गोळ्या होतात, ओवा होतो, जिरं होतं. एके रात्री डाव्या कुशीवर वळताना बरगड्यांखाली काहीतरी दडपल्यासारखं होतं आणि दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी करायचं ठरतं.

सोनोग्राफी करणारे डॉक्टर आधी उजवीकडे लिव्हर बघतात, पित्ताशय बघतात. तिथे काही नसतं. मग डाव्या बरगड्यांच्या फटीत प्रोब टेकवून "श्वास घे, धरून ठेव" म्हणतात आणि तिथेच रेंगाळतात. पडद्यावर एक काळाभोर गोल आलेला असतो. रिपोर्टात लिहून येतं : प्लीहेत नऊ सेंटिमीटरची पाण्याची गाठ.

आईचे लगेच दोन प्रश्न. "डॉक्टर, कॅन्सर तर नाही ना?" आणि "पांथरीत पाणी आलंच कुठून?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. अशा स्वच्छ, पातळ भिंतीच्या पाण्याच्या गाठी जवळजवळ नेहमी साध्याच असतात. दुसरा प्रश्न मात्र खरा अवघड. मुलीवर कोणते उपचार करायचे, करायचे की नाही, हे बरंचसं त्याच्याच उत्तरावर ठरतं.

डाव्या कुशीतली भाडेकरीण

पांथरी, कुणी पाणथरी म्हणतात, पुस्तकात प्लीहा. डाव्या बरगड्यांच्या आड, जठराच्या मागे आणि मूत्रपिंडाच्या वरच्या अंगाला ती बसलेली असते. वैद्यकीय विद्यार्थी तिचं माप विषम आकड्यांनी पाठ करतात : एक इंच जाडी, तीन इंच रुंदी, पाच इंच लांबी, सात औंस वजन आणि मुक्काम नवव्या ते अकराव्या बरगडीपाशी. सात औंस म्हणजे दोनशे ग्रॅमच्या आसपास.

एवढ्याशा अवयवाकडे कामं दोन. साधारण १२० दिवस फिरून थकलेल्या तांबड्या पेशी रक्तातून बाजूला काढायच्या, हे एक. रक्तातून जाणारे जंतू, विशेषतः अंगावर शर्करेचं जाड कवच घातलेले न्यूमोकोकससारखे जिवाणू टिपायचे, हे दुसरं. या दुसऱ्या कामाकडे वैद्यकाचं बराच काळ दुर्लक्ष झालं. त्याची किंमत काय पडली, ते पुढे येईल.

आपल्याकडे पांथरीचं नाव निघतं ते बहुधा ती वाढल्यावर. हिवतापाच्या मुलखात मुलांची पोटं डाव्या बाजूला फुगलेली दिसत. एखादं गाव किती हिवतापी आहे हे ठरवायला एकोणिसाव्या शतकात डॉक्टर गावातल्या मुलांच्या पांथऱ्या तपासत. निरोगी माणसाची पांथरी हाताला लागत नाही. ती दुप्पट-तिप्पट वाढली तरच बरगडीखालून डोकावते. तीही सरळ खाली न येता तिरकी, बेंबीकडे आणि पुढे उजव्या जांघेकडे सरकते. म्हणून मुरलेला डॉक्टर पोट तपासताना उजव्या तळापासून सुरुवात करतो आणि रुग्णाच्या प्रत्येक श्वासागणिक हात तिरका वर, डाव्या बरगडीकडे नेतो. थेट बरगडीपाशीच हात ठेवला, तर प्रचंड वाढलेल्या पांथरीची कड खालीच राहून जाते.

पण हिवतापात पांथरी सगळीच्या सगळी वाढते. पाण्याची गाठ म्हणजे अवयव जागच्या जागी आणि त्याच्या पोटात एक वेगळी खोली. ती दुर्मीळ आहे. एका जुन्या अभ्यासात ४२,३२७ शवविच्छेदनांची छाननी झाली, तेव्हा अशा गाठींचं प्रमाण ०.०७ टक्क्याच्या घरात निघालं, म्हणजे हजारात एकही नाही. आता सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन गल्लोगल्ली पोचल्यामुळे दुसऱ्याच कशासाठी केलेल्या तपासणीत त्या अधूनमधून सापडतात. ज्यांना सापडतात त्यातल्या पुष्कळांना कसलाच त्रास नसतो.

भिंत कुणाची?

पांथरीतल्या पाण्याच्या गाठीची पहिली नोंद फ्रान्सच्या गाब्रिएल आंद्राल यांनी १८२९ मध्ये केली, तीही शवविच्छेदनाच्या टेबलावर. त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षं अशा गाठींची नाना प्रकारे वर्गवारी झाली. १९५८ मध्ये मार्टिन यांनी ती एका सोप्या प्रश्नावर आणून ठेवली : गाठीच्या भिंतीला आतून पेशींचं अस्तर आहे की नाही? अस्तर असेल तर खरी गाठ, नसेल तर आभासी. त्यात परजीवींमुळे होणाऱ्या गाठी मिळवल्या की चित्र पुरं होतं. पाणी सगळ्या गाठींत असतं. भिंत मात्र प्रत्येकीची निराळी, आणि ती कुणी बांधली यावर सगळं अवलंबून.

पहिली भिंत परक्याची. हायडॅटिड हा एका फीतकृमीच्या अळीचा आजार. हा कृमी काही मिलिमीटरचा असतो आणि कुत्र्याच्या आतड्यात राहतो. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून गवतावर, पाण्यात, भाजीवर पडतात. मेंढीच्या पोटात गेली की तिच्या लिव्हरमध्ये, फुप्फुसात गाठी होतात. मेंढी कापल्यावर तो टाकाऊ भाग कुत्र्यांपुढे टाकला, की फेरा पूर्ण. माणूस या फेऱ्यात चुकून शिरतो. न धुतलेल्या हाताने किंवा भाजीतून अंडं त्याच्या पोटात जातं, आतड्यात फुटतं, अळी रक्तात उतरते. पहिली चाळण लिव्हरची, दुसरी फुप्फुसांची. दोन्हींतून निसटलेली एखादी पांथरीत अडकते. म्हणूनच हायडॅटिडच्या रुग्णांमध्ये पांथरीत गाठ सापडण्याचं प्रमाण आठ टक्क्यांच्याही आत असतं. तरीही ज्या प्रदेशांत मेंढपाळी आणि मोकाट कुत्री जोडीने नांदतात, तिथे पांथरीत गाठ दिसली की डॉक्टरांच्या मनात आधी हायडॅटिड येतो. महाराष्ट्रात त्याचे रुग्ण अधूनमधून येत असतात, त्यामुळे इथल्या सर्जनला तो विसरून चालत नाही.

या गाठीच्या भिंतीला तीन थर असतात. आतले दोन कृमीचे : एक जिवंत, नवीन अळ्या जन्माला घालणारा, आणि त्यावर एक पांढरा, पापुद्र्यांचा. तिसरा, बाहेरचा थर आपल्या शरीराने घातलेला, पाहुण्याला कोंडून ठेवणारा. आत झऱ्यासारखं नितळ पाणी, आणि कधी कधी त्यात तरंगणाऱ्या द्राक्षांएवढ्या पिल्लू-गाठी.

दुसरी भिंत घरचीच, पण चुकून बांधलेली. आईच्या पोटात पाचव्या आठवड्याच्या सुमारास पांथरी घडायला लागते, तेव्हा तिच्यावरच्या नाजूक आवरणाची एखादी घडी आत दुमडून अडकते, हे त्याचं सर्वांत पटणारं स्पष्टीकरण. घडीतल्या पेशी तिथेच राहतात, रूप बदलतात आणि कातडीच्या वरच्या थरासारखं अस्तर होऊन पाणी पाझरवत बसतात. हिला एपिडर्मॉइड गाठ म्हणतात. जन्मजात असूनही ती बहुधा शाळा-कॉलेजच्या वयात उघडकीला येते, कारण गाठ मोठी व्हायला तेवढी वर्षं लागतात. आपल्या बारावीतल्या मुलीचा संशय इथेच.

तिसरी भिंत कुणीच बांधलेली नाही. मार लागतो, मोटरसायकलचं हँडल बसतं, क्रिकेटचा चेंडू बसतो किंवा जिन्यावरून घसरून बरगडी आपटते. पांथरीत रक्त साकळतं. ते पुरतं न जिरता कडेने व्रणाची कातडी धरतं आणि महिन्या-वर्षांत आतलं रक्त विरघळून चहासारखं तपकिरी पाणी होतं. अस्तर नसतं, म्हणून ही आभासी गाठ. कधी कधी तिच्या भिंतीत कॅल्शियम साचतं आणि साध्या एक्स-रेमध्येही अंड्याच्या टरफलासारखी कड दिसते. मार विचारला तर रुग्ण "नाही" म्हणतो. मग आई म्हणते, "अरे, आठवीत सायकलवरून पडला होतास ना, आठवडाभर झोपून होतास?"

ही वाटणी पुस्तकात जितकी स्वच्छ आहे तितकी शरीरात नाही. खऱ्या गाठीचं अस्तर दाबाने, रक्तस्रावाने झिजून जागोजागी गळून पडतं. पॅथॉलॉजिस्टने भिंतीचा एकच तुकडा तपासला आणि नेमकं तिथलं अस्तर गेलेलं असलं, तर जन्मजात गाठीवर आभासीचा शिक्का बसतो. म्हणून चांगली लॅब भिंतीचे अनेक तुकडे तपासते. स्लाइडवर लालसर व्रणाचा रुंद पट्टा आणि त्याच्या कडेला, एखाद्या कोपऱ्यात, चार-पाच पेशींची एवढीशी रांग टिकून असते. तिच्यावरून गाठीचं नाव बदलतं.

पाणी बघावं, टोचू नये

सोनोग्राफीत पाणी काळं दिसतं, कारण ध्वनिलहरी त्यातून अडथळ्याशिवाय पार होतात. परतून काहीच येत नाही, आणि गाठीच्या मागचा भाग उलट उजळतो. हे दिसलं की गाठ पाण्याची, घट्ट मांसाची नाही, एवढं कळतं. आत पापुद्रे तरंगत असतील किंवा पोटात लहान गाठी असतील तर हायडॅटिडचा संशय बळावतो.

मग सीटी स्कॅन. शिरेतून औषध सोडलं की जिवंत मांस उजळतं, पाणी उजळत नाही. पांथरीची इथे एक गंमत आहे. औषध गेल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात काढलेल्या चित्रात निरोगी पांथरीसुद्धा झेब्र्यासारखी पट्टेरी दिसते. तिच्यात रक्ताच्या वाटा दोन, एक जलद आणि एक संथ, म्हणून काही भाग आधी उजळतो, काही मागाहून. नवख्याला त्या पट्ट्यांत भलतीच गाठ दिसते. मुरलेला रेडिओलॉजिस्ट साधारण सव्वा मिनिटानंतरचं चित्र बघतो, तोवर सगळी पांथरी एकसारखी उजळलेली असते. एवढं होऊनही, स्वच्छ पाण्याची गाठ एपिडर्मॉइड आहे की आभासी, हे स्कॅनवरून खात्रीने सांगता येत नाही. चार-पाच पेशींचं अस्तर कुठल्याच यंत्राला दिसत नाही.

हायडॅटिडसाठी रक्ताची अँटिबॉडी तपासणी करतात. पॉझिटिव्ह आली तर मोठा आधार. निगेटिव्ह आली म्हणून तो नाहीच, असं मात्र छातीठोकपणे म्हणता येत नाही.

रक्ताच्या तपासण्यांत एक सापळाही आहे. सीए १९-९ नावाची कॅन्सरची चाचणी कुणीतरी खबरदारी म्हणून लिहून देतं आणि आकडा चढलेला येतो. घरात रडारड होते. पण एपिडर्मॉइड गाठीचं अस्तर हा पदार्थ स्वतःच तयार करतं, तो रक्तात झिरपतो, आणि गाठ काढली की आकडा उतरतो. चढलेला आकडा पाहून दुसरं कारण नाही ना, हे तपासायला हवं. पण एकट्या त्या आकड्यावरून कॅन्सर ठरवणं चूक.

राहता राहिला सगळ्यांना सुचणारा उपाय : सुई घालून पाणी काढा आणि तपासा. हायडॅटिडची शक्यता असताना हे अंदाजाने करणं धोक्याचं. त्या नितळ पाण्याचा थेंब पोटात सांडला तर अळ्या पोटभर पेरल्या जातात, आणि शरीर त्या परक्या पाण्यावर इतकं उसळून उठतं की रक्तदाब कोसळून माणूस टेबलावर दगावू शकतो. लिव्हरमधल्या निवडक गाठींत औषधांचं संरक्षण देऊन सुईने उपचार करतात, तो वेगळा, आखीव प्रकार. पांथरीत सुई घालताना रक्तस्रावाचंही भय असतं. शिवाय सुईने पाणी येतं, भिंत येत नाही. अस्तर जागेवर असेल तर पाणी पुन्हा भरतं.

किती काढायचं, किती ठेवायचं

१८६७ मध्ये पॅरिसच्या ज्यूल पेआँ या सर्जनने गाठ झालेली पांथरी एका वीस वर्षांच्या तरुणीच्या पोटातून काढली आणि ती जगली. पुढची ऐंशी-नव्वद वर्षं उपचार म्हणजे तेच : गाठ आहे ना, पांथरी काढा. तिच्यावाचून माणूस जगतो, मग अडतं कुठे?

अडतं ते १९५२ मध्ये कळलं. अमेरिकेत किंग आणि शूमॅकर यांनी पाच तान्ह्या बाळांची हकिगत छापली. रक्ताच्या जन्मजात आजारासाठी त्यांच्या पांथऱ्या काढल्या होत्या. पुढे पाचही बाळांना गंभीर जंतुसंसर्ग झाला, दोन गेली. मग जगभरच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि एक भयंकर चित्र पुढे आलं. पांथरी नसलेल्या माणसाला सकाळी साधा ताप आणि थंडी, आणि दुसऱ्या दिवशी तो नाही. हे क्वचित घडतं, पण घडलं तर निम्म्याच्या आसपास रुग्ण हाती लागत नाहीत. धोका लहान मुलांना आणि पहिल्या काही वर्षांत जास्त, पण तो जन्मभर संपत नाही.

तेव्हापासून सर्जनच्या मनातला प्रश्न उलटा झाला. किती काढू, याऐवजी किती वाचवू. १९६२ मध्ये ब्राझीलच्या मार्सेलो काम्पुस क्रिस्तो यांनी पांथरीचा भागच काढण्याची पद्धत मांडली. पांथरीच्या प्रत्येक खंडाला रक्ताची स्वतंत्र फांदी असते. गाठ असलेल्या खंडाची फांदी बांधली की टेबलावरच तो खंड काळा-जांभळा पडायला लागतो, उरलेली पांथरी लालच राहते. मधे सीमा आखल्यासारखी रेष उमटते. सर्जन जांभळ्या बाजूला, रेषेच्या थोडं आत कापतो, म्हणून रक्तस्राव कमी होतो. पाव पांथरी मागे राहिली तरी ती संरक्षणाचं काम बऱ्यापैकी करते. १९९१ पासून पांथरीची ऑपरेशनं दुर्बिणीतूनही होऊ लागली आणि आता अर्धी पांथरी वाचवणंही त्याच छोट्या छिद्रांतून जमतं.

आजचा हिशेब साधारण असा मांडतात. गाठ मोठ्या लिंबाएवढी, म्हणजे पाच सेंटिमीटरच्या आत, स्वच्छ आणि बिनत्रासाची असेल तर हात लावायचा नाही. सहा महिन्यांनी, मग वर्षाने सोनोग्राफी करून वाढते का बघायचं. पाचच्या वर ऑपरेशन, हा जुना दंडक. मोठी गाठ फुटण्याची, तिच्यात रक्त किंवा पू होण्याची भीती त्यामागे आहे. पण पाच या आकड्यामागचा पुरावा फारसा भक्कम नाही, म्हणून हल्ली बरेच सर्जन आकारापेक्षा त्रासाला आणि वाढीच्या वेगाला जास्त वजन देतात. त्रास म्हणजे लवकर पोट भरणं, डाव्या बाजूचं जडपण, कधी डाव्या खांद्याच्या टोकाशी दुखणं. खांदा दुखतो, कारण गाठ वरच्या श्वासपटलाला डिवचते आणि त्या पटलाची नस मानेतून, खांद्याच्या नसांच्या शेजारून येते. क्वचित गाठ डावं मूत्रपिंड दाबते आणि तरुण वयात रक्तदाब चढतो.

हायडॅटिड असेल तर आकार कितीही असो, सर्जन पाणी सांडू न देण्याच्या बेतानेच पोटात उतरतो. आधी आणि नंतर अल्बेंडाझोलच्या गोळ्या, गाठीभोवती तीव्र मिठाच्या पाण्यात भिजवलेले कपडे आणि भुलीच्या डॉक्टरांच्या हाताशी ॲड्रेनॅलिन. इथे शक्य असेल तर गाठ अखंड, आजूबाजूच्या पांथरीसकट काढणंच बरं.

साध्या गाठीसाठी सर्वांत हलका उपाय म्हणजे झाकण काढणं. शहाळ्याचं टोक छाटावं तसा बाहेर आलेला भिंतीचा भाग कापून टाकतात, पाणी मोकळं होतं आणि गाठ उघडी वाटी होऊन बसते. ऑपरेशन सोपं, पांथरी सगळी शिल्लक. पण वाटीच्या तळाशी अस्तर राहिलं आणि उघडं तोंड शेजारच्या जठराला किंवा चरबीच्या पडद्याला चिकटून मिटलं, तर पाणी परत साठतं. आभासी गाठीला हा उपाय मानवतो, एपिडर्मॉइडला अनेकदा नाही. बारावीतल्या मुलीसाठी म्हणून सर्जन बहुधा भिंतीसकट तो खंड काढायचं बघेल. गाठ अगदी रक्तवाहिन्यांच्या तोंडाशी असेल किंवा सगळी पांथरीच तिने खाल्ली असेल, तेव्हाच पूर्ण पांथरी जाते.

ती जाण्याची शक्यता दिसताच, ऑपरेशनच्या किमान दोन आठवडे आधी लसी देतात : न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी. फ्लूची लस पुढे दरवर्षी. लहान मुलांना काही वर्षं पेनिसिलिन. आणि घरच्यांना एक वाक्य पुन्हा पुन्हा ऐकवतात : हिला ताप आला की तापाची गोळी देऊन सकाळपर्यंत बघायचं नाही, रात्रीच दवाखान्यात आणायचं. पांथरी नसलेल्याला हिवतापही जास्त छळतो, म्हणून पावसाळ्यात मच्छरदाणी. पांथरी काढल्याचं लिहिलेलं कार्ड पाकिटात ठेवायचं, कारण बेशुद्ध माणूस काही सांगू शकत नाही.

ऑपरेशननंतर आठवड्याभरात पॅथॉलॉजीचा रिपोर्ट येतो. अस्तर सापडलं किंवा नाही, पापुद्रा होता किंवा नव्हता. आईच्या दुसऱ्या प्रश्नाचं खात्रीचं उत्तर बहुतेकदा तिथेच पहिल्यांदा मिळतं, म्हणजे उपचार उरकल्यावर. भिंत हातात येईपर्यंत डॉक्टर अंदाजावर चालतो, आणि नंतर पस्तावायला लागू नये म्हणून जेवढं वाचवता येईल तेवढं वाचवतो.

आणि लिंबाएवढ्या गाठीचे ते पुष्कळ लोक? त्यांची भिंत कुणीच बघत नाही. ती परक्याची नाही एवढी खातरजमा झाली की ती घरची की कुणाचीच नाही, हे कधी ठरतच नाही. फाइलीत वर्षाला एक सोनोग्राफी वाढते. शेजारी मापाचे आकडे लिहिलेले असतात : ३.१, ३.२, ३.१. नाव न ठेवताच ती गाठ त्यांच्याबरोबर म्हातारी होते.